सिताकाकूंची हुडवी

मडक्यात घालायला विस्तव नव्हता.

लिंबाजीला अंघोळ घालून झाली होती. तिरडी बांधून झाली होती. भूमच्या वखारीतून लाकडं घेऊन टेम्पो परस्पर स्मशानाकडं गेला होता. त्याचा मुलगा मल्हार ओल्या अंगानं दारात उभा होता आणि त्याच्या हातातलं मडकं रिकामं होतं. मातीच्या पुढं घरातला विस्तव न्यावा लागतो. त्याला गवऱ्या लागतात. गल्लीतल्या पाचही घरांत एक गवरी नव्हती.

लिंबाजीची बायको हरणाबाई भिंतीला टेकून बसली होती. भोवती बायका रडत होत्या. तिला रडू येत नव्हतं. नवऱ्याच्या पायाचे अंगठे दोऱ्यानं बांधले होते, त्याची गाठ सैल होती. कुणीतरी ती आवळायला पाहिजे, एवढंच तिच्या मनात येत होतं.

गवऱ्या बंद केल्या त्या लिंबाजीनंच. तालुक्याच्या कसल्याशा शिबिराला जाऊन आला आणि आपल्या गल्लीचा धूर कमी करायचा म्हणाला. आपण रोज जे जाळतो त्यानं हवा तापते, पावसाचं तंत्र बिघडतं, असं त्यानं दारोदार फिरून सांगितलं. पाच घरांनी मिळून त्याच्या परसात गोबरगॅस बांधला. गड्यांनी खड्डा खणला, बायकांनी विटा वाहिल्या. रोज सकाळी पाचही गोठ्यांतलं शेण तिथं जायचं आणि पाचही घरांत निळा जाळ लागायचा. बाभळीला कुऱ्हाड लावायची नाही, असंही ठरलं. बाजाराला घरटी मोटरसायकल निघायची, ती बंद होऊन सगळे एकाच जीपनं जाऊ लागले. लोकांनी ते मनापासून पाळलं.

सहावं घर सिताकाकूंचं. त्या एकट्याच राहायच्या. त्या यात आल्या नाहीत. चुलीवरच्या भाकरीशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं, आणि आपल्या गाईचं शेण दुसऱ्याच्या खड्ड्यात का घालायचं, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नाही. त्यांच्या चुलीचा धूर शेजारच्या दैवशालाच्या घरात शिरायचा. लिंबाजीनं आधी समजावलं. मग ग्रामसभेत उभा राहून त्यांचं नाव घेतलं. एका म्हातारीपायी गल्लीचं काम अडलंय, म्हणाला. दिवाळीपासून त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. हरणाबाईसुद्धा नाही.

सिताकाकूंच्या दारात हुडवी होती. माणसाच्या उंचीएवढ्या रचलेल्या गवऱ्या, वरून शेणानं लिंपलेल्या, वर्षभर पुरतील अशा. लिंबाजीच्या अंगणातून ती समोरच दिसत होती आणि तिकडं कुणी बघत नव्हतं.

पलीकडच्या वस्तीवर कुणाला तरी धाडू, असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं गॅसवर लाकडाचा तुकडा पेटवून बघायला सांगितलं. दैवशाला दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली.

मग सिताकाकू स्वतःच आल्या. डोक्यावर गवऱ्यांची पाटी होती. दैवशाला हात लावायला पुढं झाली, तोवर त्यांनी ती उतरवलीसुद्धा.

"कुणी मागायला यीना," त्या म्हणाल्या, "म्हणून म्याच आले."

त्यांनी अंगणातच गवऱ्या रचल्या आणि फुंकून पेटवल्या. धूर सगळ्या घरात भरला. कुणी नाकाला पदर लावला नाही. विस्तव फुलल्यावर त्यांनी तो चिमट्यानं उचलून मडक्यात भरला. मग गड्यांना म्हणाल्या, सरणालाबी लागतील, हुडवी फोडा. गडी घुटमळले. त्यांनी पुन्हा सांगितल्यावर पहार घेऊन गेले.

लिंबाजीला उचललं तेव्हा हरणाबाईनं सिताकाकूंकडं पाहिलं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, हे तिला कळत होतं. सिताकाकू जमिनीवरचा गवऱ्यांचा चुरा गोळा करत होत्या.

पुढचे दिवस कुणी ताट पुढं ठेवलं की हरणाबाई जेवायची, कुणी पड म्हटलं की पडायची. राख सावडून माणसं आली, तेव्हा तिनं त्यांना पाणी दिलं. राखेबद्दल काही विचारलं नाही.

राख सावडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं ती परसात गेली. गोबरगॅसच्या हौदात शेण नव्हतं. हौद कोरडा पडला होता. शेजारच्या कुठल्याच घरातून स्वयंपाकाचा आवाज येत नव्हता. सिताकाकूंच्या अंगणातून मात्र थपथप ऐकू येत होती. हरणाबाई तशीच तिकडं चालत गेली.

हुडवी होती तिथं आता नुसता गोल डाग उरला होता. त्याच्या बाजूला सगळ्या गोठ्यांतलं शेण आणून टाकलं होतं. गल्लीतल्या बायका भोवती बसून गवऱ्या थापत होत्या. दैवशाला गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून शेणात भुसकट कालवत होती. सिताकाकू दगडावर बसून, कुठली पातळ झाली आणि कुठली जाड, ते सांगत होत्या.

हरणाबाईला बघून हात थांबले. दुखवट्यातल्या बाईनं असं बाहेर येऊ नये, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

"आमचा गॅस ऱ्हाऊ दे चार दिवस," दैवशाला तिला म्हणाली. "काकूंची चूल बंद पडली होती."

हरणाबाईनं मान हलवली. तिला नीट कळलं की नाही, कुणाला सांगता आलं नसतं.

सिताकाकू दगडावर थोड्या सरकल्या. "बस," म्हणाल्या.

ती बसली. पुढ्यातला एक गोळा तिनं ओढून घेतला. शेण नुकतंच गोठ्यातून आलेलं होतं. थंडीत त्याच्यातून वाफ निघत होती. हरणाबाईनं दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात घातले. ते कोमट होतं. ती गवरी थापेना आणि हातही काढेना. बाकीच्या बायका पुन्हा थापायला लागल्या.