जिभेखालची गोळी

पनवेलच्या डॉक्टरांनी बुधाजींना बजावलं होतं, छातीत कळ आली की आधी खाली बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पण गोळ्यांची बाटली भराभर रिकामी व्हायला लागली, तसा सुनेला, कोमलला, संशय आला. सासरे लपून तंबाखू मळत असणार, आणि मग छातीत दुखलं की गोळ्या पेपरमिंटसारख्या चघळत असणार.

"बाबा, खरं सांगा, दिवसाला किती घेता तुमी?"

"अगो, या महिन्यात एकच घेतली. देवाशपथ."

"त्यांचं काय खरं धरतेस?" मावरं साफ करता करता सासू सोनाबाई म्हणाली. "म्हातारा लबाड हाय. नजर ठेव."

कोमलने नजर ठेवली. चार दिवस बुधाजी ओटीवर जाळं विणत बसले, बाटलीकडे फिरकलेही नाहीत. पाचव्या दिवशी बाटलीच जागेवर नव्हती.

"आई, बाबांची बाटली बगितली का?" विचारत ती स्वयंपाकघरात शिरली.



एरवी एका प्रश्नाला दहा उत्तरं देणारी सोनाबाई अर्धी कापलेली सुरमई तशीच टाकून भिंतीला टेकून बसली होती, आणि तोंड घट्ट मिटून नुसत्या हातानेच 'थांब' म्हणत होती.