चौथी बाटली

ओदीलनं वाईन ओतली. बाझिलनं पेला खिडकीकडे धरून रंग पाहिला, गोल फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "वा. यंदा जमलीय." घोट घेण्याआधीच म्हणाला. गेले दोन महिने तो असंच करत होता.

जानेवारीतल्या तापात त्याला वास येईनासा झाला, चवही गेली. जिभेला मीठ काय ते कळायचं, बाकी सगळं पाणी. गावभर नाकानं कांदे सोलत फिरणारा माणूस, पण आता चुलीवर कांदा करपला तरी त्याला पत्ता लागत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यानं बायकोला, ओदीललाही सांगितलं नव्हतं. पण उद्या सकाळी बाटल्या भरणारा ट्रक अंगणात येणार होता, आणि चार टाक्यांतली कोणती वाईन भरायची ते त्यानंच सांगायचं होतं. चाळीस वर्षं त्यानंच सांगितलं होतं. आज जेवण झालं की ओदीलला सगळं सांगायचं आणि द्राक्षमळा विकून टाकू म्हणायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. शेजारचा गास्पार मळ्यावर डोळा ठेवून होताच.

त्यानं ताटातला एक शिंपला उचलला, त्यातलं कालव तोंडात सोडलं, चावलं, आणि थांबला.

समुद्र. शेवाळ, भिजलेले दोर, भरतीचं पाणी, सगळं एकदम आलं. त्यानं दुसरं खाल्लं, घाईघाईनं तिसरं. पावावरच्या लोण्यालाही गवताचा वास होता. त्याचे डोळे भरून आले, तसा तो मान खाली घालून पावाचे तुकडे करत बसला.

मग त्यानं अधीर होऊन पेला उचलला. कालवांवर घरची मुस्कादे वाईन म्हणजे कशी, सुरीसारखी सरळ, खारटपणा कापून तोंड स्वच्छ करणारी. त्यानं घोट घेतला. वाईन मवाळ होती. आंबटपणा नाही, धार नाही. वर्षाची मेहनत मातीत गेली, आणि आपण आपले दर रविवारी 'जमलीय' म्हणत बसलो.

दुसरा घोट त्यानं तोंडात घोळवला. पिकून लिबलिबीत झालेला पेअर. इतकी पिकेपर्यंत द्राक्षं तो कधी वेलीवर ठेवत नसे. आठवडाभर उशिरा तोडणारा गावात एकच माणूस होता.

"ओदील, ही आपली नाही."

ओदील लोणी लावत होती. "मग कोणाची?"

"गास्पारची. कालवांपुढे ठेवायच्या लायकीची नाही. हिच्याबरोबर उकडलेला बटाटा खावा, तोही आजारी माणसानं."

ओदीलनं सुरी खाली ठेवली.

"चौथी बाटली आहे ही," ती म्हणाली. "कांदा करपला आणि तू तिथंच बसून पेपर वाचत होतास, त्या दिवशीच मला कळलं. तेव्हापासून दर शनिवारी गास्पारकडे जातेय. चव परत आली की तूच ओळखशील, म्हणून त्याची बाटली पिशवीत भाजीखाली लपवून आणते. त्याच्या बायकोला वाटतं, मला आपली आवडेनाशी झाली."

"आणि मी चारही रविवार हिचं कौतुक केलं?"

"मागच्या खेपेला तर म्हणालास, 'माझ्या बापालाही अशी जमली नव्हती.'"

बाझिलनं कपाळाला हात लावला. "मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

ती हसत होती, पण डोळे हातपुसण्यानं पुसत होती. बाझिलचा जीव भांड्यात पडला. दुसरी टाकी की चौथी, ते उद्या सकाळी ठरेल. मळ्याचं जे बोलायचं होतं, ते आता बोलायची गरज नव्हती.

ओदील उठली. तळघरातून घरची बाटली आणावी, म्हणून जाता जाता तिनं त्याचा पेला मोरीत ओतायला उचलला.

"राहू दे तो," बाझिल म्हणाला. "अजून थोडी ओत. किती वाईट आहे ते नीट कळू दे."