सगळ्यात नवीन गाणं

एकोडीत डिंपलच्या हळदीला वच्छलाबाई पुऱ्या लाटत बसली होती. बाजूला पोरं हमरीतुमरीवर आली होती, कोणत्या गायकानं सगळ्यात नवीन काही आणलं यावरून. कोणाचा पंजाबी रॅपर, कोणाचे कोरियावाले.

"आपला डीजे अंकुश नंबर एक," मोनू म्हणाला. "बाईच्या रडण्यावर बीट टाकाचं आजवर कोणाले सुचलं काय?" अन् त्यानं गाणं लावलं. ‘उठ नं रे माह्या वाघा!’ सारा मांडव उठून नाचू लागला.

वच्छलाबाईचं लाटणं थांबलं. तो हंबरडा तिचाच होता. लेकाच्या तिरडीपाशी पुतण्या अंकुशनं तिच्या तोंडापुढे मोबाइल धरून म्हटलं होतं,

"काकू, जरा मोठ्यानं रड. पुण्याच्या मामाले आयकू येऊन नाही राहिलं."