मशीनवर एकीचीच जागा

मुकादम सांगून गेला, की लेझरच्या मशीनवर एकच बाई पुरे. दुसरीने दुपारपासून पॅकिंगला जायचं. कोण राहणार नि कोण जाणार, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघींनी आपसात बोलून ठरवावं. त्याला काय ठाऊक, की या दोघी सख्ख्या जावा सहा वर्षं एकमेकींशी बोललेल्याच नव्हत्या.

एका घरात नांदायचं, एका टेबलाशी बसून छपराच्या दगडी कौलांना खिळ्यांची भोकं पाडायची, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ड्रिल होतं तोवर ते खपून गेलं. त्याच्या कलकलाटात शेडमध्ये कुणीच कुणाशी बोलत नसे. आठवड्यापूर्वी ड्रिल गेलं. आता काळ्या काचेच्या पेटीत कौल ठेवायचं, झाकण लावायचं, आत बारीक 'टुं' वाजलं की काढायचं. धूळ नाही, चिखल नाही, कौल तडकणं नाही. धाकटीला मात्र ती शांतता अंगावर यायची. थोरलीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं राहणं. थोरलीचे पाय संध्याकाळपर्यंत सुजून खांब होतात, हे धाकटी रोज बघत होती. बोलणं बंद केलं म्हणून डोळे थोडेच बंद होतात? शेवटी कौल पुसता पुसता तिनेच तोंड उघडलं.

"तुम्ही बसा मशीनवर. मी जाते."

थोरलीने मान वर केली नाही. हात पुढे करून तिने झाकण उघडलं. 'टुं' अजून वाजलं नव्हतं. मशीन अडून बसलं, सकाळपासून तिसऱ्यांदा. धाकटीने निमूट बटण दाबून ते पुन्हा सुरू केलं. रागावण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने जावेच्या खांद्याला हात लावला आणि तेच पुन्हा सांगितलं.

थोरली तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"मशीनवर तूच बस. ते वाजलेलं मला ऐकू येत नाही." मग दाराकडे बघत, "मुकादमाला सांगू नकोस."

कधीपासून, असं धाकटीने विचारलं. सासूबाई होत्या तेव्हापासून, थोरली म्हणाली. ड्रिलने कान नेले. कुणापाशी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

धाकटीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी सासूबाई मोरीत घसरून पडल्या होत्या. हाका मारमारून त्यांचा घसा बसला, आणि शेजारच्याच खोलीत ही कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. धाकटी कामावरून आली, आणि सगळ्या घरादेखत तिने हिला विचारलं, कानात बोळे घालून बसला होतात काय? त्या दिवसापासून बोलणं तुटलं, ते तुटलंच.

"चुकलं माझं, जाऊबाई."

थोरलीने मान पुढे केली. "अं?"

शेडमध्ये नुसता पंखा घरघरत होता. वीसएक माणसं मान खाली घालून आपापल्या टेबलाशी बसलेली, मुकादम दाराशी उभा. धाकटीने एकदा सगळीकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली.

"चुकलं माझं!"

सगळ्या माना वर झाल्या. मुकादम हात हलवत धावत आला. मशीनसाठी भांडू नका, म्हणत होता, वाटलं तर मी चिठ्ठी टाकतो.

त्याचा चेहरा बघूनच थोरलीला काय ते कळलं. तिने पदराने डोळे पुसले.

"भांडत नाही," ती म्हणाली. "बोलतोय."