आधी खर्रा थुंका

जाम गावच्या चौकातल्या चहाच्या हॉटेलात शिरताच मधू सरांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. फुगलेले गाल, झुबकेदार मिशा, शर्टात न मावणारं पोट. फोटोला हार होता. खाली नाव होतं, प्रेमदास.

"बघ," ते मुलीला म्हणाले, "हाच ना तुझा बरा झालेला पेशंट?"

वल्लरीचा चेहरा पडला. ती इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात नोकरीला होती. जिभेच्या कॅन्सरच्या जुन्या फायली धुंडाळून तिनं हे एक नाव काढलं होतं. सहा वर्षांपूर्वी अर्धी जीभ काढलेला, गाडीनं तासाभरात गाठता येईल असा माणूस. फोन लागत नव्हता, म्हणून ती बापाला गाडीत घालून थेट घेऊनच आली होती. सोमवारी सरांचं तेच ऑपरेशन होतं आणि सर काही केल्या सही करत नव्हते.

मरणाची भीती त्यांनाही होतीच. पण पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं. 'ळ'चा 'ल' केला की पोराला बाकावर उभं करणारा हा माणूस. उद्या आपण बोबडं बोलावं आणि समोरच्यानं "काय म्हणालात?" असं विचारत राहावं, त्यापेक्षा आहेत ते दिवस नीट बोलून काढावेत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. हार पाहून त्यांना चक्क हायसं वाटलं. आता पोरीला काही बोलायला जागा राहिली नाही.

गल्ल्यामागून एक काटकुळा, दाढीवाला माणूस उठला. गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळलेला.

"बसा न. उभे काऊन?"

शब्द घोळलेले, तोंड भरल्यासारखं. गालात खर्रा धरलेला दिसत होता. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा तोंडात धरून बोलणारी माणसं सरांना नवी नव्हती. त्यांच्या मते अर्धा जिल्हा असाच बोलायचा.

"हे कधी गेले?" वल्लरीनं फोटोकडे बघत विचारलं.

"प्रेमदास? सहा वर्षं झाले. ऑपरेशनच्या दिवशीच गेला थो."

"पण फायलीत तर टाके काढल्याची नोंद आहे," ती पुटपुटली आणि इस्पितळात फोन लावायला बाहेर गेली.

"तुमचे कोण हे?" सरांनी विचारलं.

"घरचाच मानूस. दिवसाले पंधरा खर्रे लागे त्याले. बायकोचं आयकलं नाई, पोरीचं आयकलं नाई." त्यानं दुपट्ट्यानं ओठ पुसले. "हार म्याच घातला. असा मानूस गेलेलाच बरा."

सरांना हसू आलं. माणूस मोठा मोकळा होता. चहा आला. सरांनी तो बशीत ओतून निवू दिला, कारण जिभेच्या कडेची जखम फार आगआग करायची. त्या माणसानंही आपला चहा निवू दिला आणि मान मागे टाकून घोटाघोटानं घेतला.

"एक ट्रकवाला बायकोले इथं इसरून हिंगनघाटपावतर गेलता," तो सांगू लागला. "वापस आला तं बायको म्हने, थांबा आता, माहा चहा व्हायचा हाये."

सर जीभ दुखेपर्यंत हसले. मग त्यांनी शाळेतले दोन किस्से सांगितले. त्याच्याकडे ट्रकवाल्यांचे आणखी चार निघाले. कितीतरी दिवसांनी सरांना इतकं बरं वाटत होतं.

"पोरीनं काऊन आनलं तुमाले?"

"जिभेचं ऑपरेशन सांगितलंय. मी करणार नाही. मी मास्तर माणूस. माझं बोलणं कोणाला समजलं नाही तर जगून करू काय? आणि तुमचा प्रेमदास तरी कुठे वाचला?"

तो माणूस दुपट्ट्यानं ओठ पुसत राहिला. ते पाहून सरांमधला मास्तर जागा झाला.

"आणि काय हो, घरातला माणूस यानंच गेला, तरी तुमच्या गालात तेच? आधी खर्रा थुंका, मग माझ्याशी बोला!"

तो रागावला नाही.

"अर्ध्या घंट्यापासून बोलून राह्यलो, गुरुजी. माहं काई समजलं नाई काय?"

"समजलं की! शब्द न् शब्द समजला. प्रश्न तो नाही."

तो माणूस गल्ल्यामागून बाहेर आला. दारातल्या उन्हात सरांसमोर उभा राहिला आणि गळ्याचा दुपट्टा सोडला. कानापासून हनुवटीखाली एक जुना व्रण गेला होता. मग त्यानं आ वासला.

आत खर्रा नव्हता. जीभ होती, अर्धीच.