मागचा कोन

खर्रर्र असा आवाज आला आणि गाडी पुन्हा अडकली. नाक वर आभाळाकडे, बूड खाली दगडगोट्यांत.

त्याने शेजारी पाहिलं. बाबा सीट मागे टाकून पडले होते. चेहरा पांढराफटक, उजवा हात छातीवर. सकाळी चहाचा कप हातातून सुटला तेव्हापासून तो हात तिथेच होता. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "जितक्या लवकर आणाल तितकं बरं." पण पूल दुरुस्तीसाठी बंद होता. पर्यायी रस्त्याची पाटी होती, पाटीवर बाण होता आणि बाणाच्या टोकाला हा कोरडा ओढा होता.

गाडी त्याने खास अशाच रस्त्यांसाठी घेतली होती. म्हणजे घेताना सगळ्यांना तसं सांगितलं होतं. आजवर तिने पाहिलेला सर्वांत अवघड चढ मॉलच्या पार्किंगमधला. पण माहितीपत्रक त्याला तोंडपाठ होतं. पुढचा कोन म्हणजे नाक न आपटता गाडी किती उभ्या चढाला भिडेल ते. मागचा कोन म्हणजे तोच चढ चढताना शेपूट खाली घासणार की नाही ते. शोरूममध्ये पुढचा कोन सगळे विचारतात. मागचा कोणी विचारत नाही.

मागे तिघे बसले होते. थोरले काका, आत्या आणि बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. बाबांना बरं नाही हे कळताच तिघे हजर झाले होते आणि कोणी काही म्हणायच्या आत गाडीत बसलेही होते. तिघेही अंगाने भरभक्कम. त्यांच्या वजनाने गाडी मागून चार बोटं खाली बसली होती. तेवढ्या चार बोटांपायी बंपर दगडांवर टेकत होता. बंपर टेकला की मागची चाकं नुसती गरगरत होती.

उपाय सोपा होता. मागच्यांनी दोन मिनिटं खाली उतरायचं.

"काका, जरा उतरता का?" हे वाक्य त्याने मनात नीट जुळवलं. तोंडातून बाहेर पडलं ते असं : "मागे जरा... वजन होतंय बहुतेक."

"मग डिकीतल्या पिशव्या काढ की," काका म्हणाले. "माझ्या गुडघ्याचं तुला माहीतच आहे."

"मला उन्हात चक्कर येते रे बाळ्या," आत्या म्हणाली.

बाळ्या सेहेचाळीस वर्षांचा होता. ऑफिसात त्याच्या हाताखाली वीसेक माणसं होती आणि ती त्याला टरकून असत.

दाजींना ना गुडघा होता ना चक्कर. त्यांना ज्ञान होतं. "मागे वजन आहे म्हणून तर चाकांना पकड आहे. तू फक्त रेस दे."

त्याने रेस दिली. खर्रर्र.

"आमच्या साहेबांचं असंच झालं," दाजी म्हणाले. "वाटेतच. हॉस्पिटलचं गेट दिसत होतं हो समोर."

"असाच छातीवर हात होता?" आत्याने चौकशी केली.

"अगदी अस्साच."

"घाम फुटला की समजायचं," काका म्हणाले. "बाळ्या, तुझ्या बापाला घाम आलाय का बघ रे."

"हळू बोला, दादाला ऐकू जाईल," आत्या म्हणाली. मग ती हळू आवाजात, म्हणजे गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात, शेजारणीच्या दिराचं सांगू लागली. तोही धडधाकट होता म्हणे.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. बाबा खाली उतरले. बोनेटचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत ते जवळच्या एका मोठ्या दगडापर्यंत गेले आणि त्यावर बसले.

मागचे तिघे काचेतून वाकून पाहू लागले.

"याला म्हणतात माणूस," काकांचा आवाज भरून आला. "एवढं दुखत असताना उतरला आपल्यासाठी."

"दादा पहिल्यापासून तसाच," आत्याने डोळ्यांना पदर लावला.

"आता निघेल गाडी," दाजी म्हणाले. "दे रेस."

तिघांपैकी कोणी हललं नाही.

तो धावत बाबांकडे गेला. "बाबा, तुम्ही कशाला उतरलात? पुढचं वजन कमी करून उपयोग नाही. उलट मागचं आणखी दबतं."

"गाडीसाठी नाही उतरलो," बाबा म्हणाले. दोन शब्दांच्या मध्ये त्यांना थांबावं लागत होतं. "आत माझी शोकसभा चाललीय. बसवेना."

तो परत आला. त्याने मागचं दार उघडलं.

"उतरा."

"अरे, पण माझा गुडघा..."

"काका, उतरा. आत्या, तूही उतर. आणि दाजी, तुम्ही सगळ्यांत आधी."

हे कोण बोललं म्हणून त्याला स्वतःलाच मागे वळून पाहावंसं वाटलं. तिघे उतरले. काकांचा गुडघा व्यवस्थित वाकला. आत्याला चक्कर आली नाही. गाडी सुस्कारा सोडल्यासारखी चार बोटं वर आली. त्याने बाबांना जवळजवळ उचलूनच आणलं, सीटवर बसवलं, पट्टा लावला. गाडी हातभर मागे घेतली आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश सोडली. बंपरने दगडाला नुसतं हुंगलं. गाडी वर आली.

वर डांबरी रस्ता होता. आरशात तिघे हात हलवत चढ चढून येत होते, दाजी सगळ्यांच्या पुढे. त्यांच्यामागे एक रिकामा टेम्पो ओढ्यात उतरत होता.

"थांबू?" त्याने विचारलं.

बाबांनी डोळे मिटूनच मान हलवली. उभी हलवली की आडवी, ते त्याने फारसं निरखून पाहिलं नाही. गिअर बदलला.

काचा बंद होत्या. मागची सीट रिकामी होती. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला बाबांचा श्वास ऐकू आला.