दहा ग्रॅम तांदूळ

रविवारी सकाळी तबेल्यात चार संशयित होते, चार केळीची पानं होती आणि प्रत्येक पानावर दहा ग्रॅम कोरडे तांदूळ. वजन मीच केलं होतं, कॉलेजच्या लॅबमधून आणलेल्या काट्यावर. वरातीची पांढरी घोडी चोरीला गेली होती, आणि मरोळच्या आमच्या गावठाणात चोर अजून असाच शोधतात: संशयितांनी तांदूळ चावून थुंकायचे, ज्याचे कोरडे राहतील तो चोर.

तिघांचा लगदा ओला निघाला. मी एकेक पान काट्यावर ठेवत गेले. घोडी सांभाळणाऱ्या सीतारामचे पानाचं वजन वगळून दहाच ग्रॅम भरले.

"बघितलंस ना, नादिया? तुझं सायन्सच बोलतंय," घोडीचे मालक नेव्हिल अंकल म्हणाले. "सीताराम, आधी गावठाणातल्या पोरांचा मार खा, मग बायकोमुलांना घेऊन खोली खाली कर."

"घाबरल्यावर कोणाचंही तोंड कोरडं पडतं, अंकल. तुम्ही चावून बघा."

"आण इकडे. मला कसली भीती?"

त्यांनी हसत मूठभर तांदूळ चावले आणि थुंकले. लगदा ओला होता. त्यातून एक जाड पांढरा केस थेट त्यांच्या ओठांपर्यंत गेला होता. अंकलनी तो ओढला. तो येतच राहिला, लाळेने चिकट, लिदीच्या वासाचा.

"तिच्या शेपटीचा आहे," सीताराम म्हणाला.

घोडीच्या जीनाची मापं घ्यायची टेप खुंटीला होती. मी ती बाहेर आलेल्या केसाला लावली. एक मीटर चार सेंटिमीटर झाले. दुसरं टोक अजून अंकलच्या घशातच होतं.